टेकडी कोणाची? : मातीचे जुने अवशेष आणि कायद्याचे संरक्षण

(व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय माती हा आहे. शेताची काळी माती नव्हे. गावाच्या कडेला, नदीच्या काठी किंवा ओसाड माळावर उंचवट्याच्या रूपाने जी शतकानुशतके पडून आहे ती माती. आपल्याकडे जिला पांढर म्हणतात ती वस्तीची जुनी जागा, पडक्या गढीचा ढिगारा, बुजलेला खंदक, मातीचा लांबच लांब तट, दगडांच्या वर्तुळात रचलेली भर, ही सर्व या विषयात येतात. असा उंचवटा नाही असे गाव विदर्भात आणि मराठवाड्यात विरळाच. तो कोणी घातला असे विचाराल तर एक जण सांगेल, पांडवांनी एका रात्रीत घातला. दुसरा सांगेल, राक्षसाचा आहे. तिसरा सांगेल, कोण्या राजाचे धन खाली पुरलेले आहे. खरे उत्तर बहुधा एकच असते. ते म्हणजे, हे कोणी घातले ते निश्चित ठाऊक नाही.

मग प्रश्न असा उपस्थित होतो की, ज्या वस्तूचा कर्ता ठाऊक नाही, काळ ठाऊक नाही, हेतू ठाऊक नाही, अशा मातीच्या ढिगाऱ्याचे रक्षण कायदा करतो काय? आणि करीत असेल तर आपण, ज्यांनी अलीकडेच धम्माचा स्वीकार केला आहे, त्या कायद्याशी कसे वागावे? या दोन प्रश्नांची उत्तरे मी आज देणार आहे.

प्रथम ही माती काय सांगते ते पाहू. जुन्या वस्तीचा ढिगारा एकदम उभा राहत नाही. घर पडते, त्याच्या मातीवर दुसरे घर उभे राहते. चुलीची राख, फुटकी खापरे, हाडे, मणी, नाणी यांचे थरांवर थर बसत जातात. खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा त्यातील साधा नियम होय. ज्या थरात नाणे सापडले तो थर त्या नाण्याची साक्ष देतो आणि ते नाणे त्या थराची. नाणे उचलून खिशात घातले की दोन्ही साक्षी मुक्या होतात. एखाद्या खटल्यातील कागदपत्रांचा अनुक्रम मोडून ती वाऱ्यावर उधळून दिली तर न्यायाधीश काय निकाल देणार? खणलेल्या टेकडीची हीच गत होते.

नागपुराजवळ जुनापाणी येथे दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. बाहेर मोठे धोंडे गोलाकार मांडलेले आणि आत माती-दगडांची भर. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने ती उकरून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनने झाली. या वर्तुळांखाली मृतांची हाडे, काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडाची हत्यारे आणि घोड्याच्या साजाचे तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. हे लोक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील होते, एवढे आज सांगता येते. परंतु त्यांची भाषा कोणती, ते स्वतःस काय म्हणवीत, त्यांचे वंशज कोण, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही.

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे दुसरे उदाहरण. वैनगंगेच्या काठी या प्राचीन नगराभोवती मातीचा तट आणि खंदक आहे. तेथील एका टेकडीस लोक जगन्नाथ टेकडी म्हणत आले. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तेथे उत्खनन केले, तेव्हा त्या मातीखाली प्राचीन बौद्ध स्तूप आणि दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख असलेले दगड निघाले. लोकांच्या तोंडी असलेले नाव एक आणि मातीच्या पोटातील सत्य दुसरे, हे येथे सिद्ध झाले.

परंतु तिसरे उदाहरणही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रामटेकजवळील मनसर येथे १९९८ पासून भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने उत्खनन झाले. हिडिंबा टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी विटांचे विशाल बांधकाम निघाले. तेथील अवशेष बौद्ध आहेत, असे काही संशोधक मानतात. तेथे वाकाटकांची राजधानी आणि शैव मंदिर होते, असे दुसरे काही मानतात. हा वाद विद्वानांत आहे. तो मिटेल तर पुराव्याने मिटेल, आपल्या संख्येने मिटणार नाही. आणि त्यासाठी तो पुरावा शिल्लक राहिला पाहिजे.

पुरावा शिल्लक न राहिल्यास काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या धम्माच्याच इतिहासात आहेत. १७९४ साली काशीच्या राजाचा दिवाण जगतसिंग याच्या माणसांनी बाजारपेठ बांधण्याकरिता विटा हव्यात म्हणून सारनाथ येथील एक मोठा ढिगारा फोडला. तो स्तूप होता. आत दगडी पेटी निघाली आणि पेटीत अस्थी होत्या. त्या अस्थी गंगेत सोडून देण्यात आल्या. धर्मराजिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या स्तूपाचा आज केवळ पाया उरला आहे. ज्यांनी तो फोडला त्यांच्या मनात द्वेष होता असे म्हणण्यास आधार नाही. त्यांना विटा हव्या होत्या, एवढेच. अज्ञानाने होणारा नाश द्वेषाने होणाऱ्या नाशापेक्षा लहान नसतो.

दुसरे उदाहरण पिप्रहवा येथील. आजच्या उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात एका जमीनदारीच्या हद्दीत एक ढिगारा होता. जानेवारी १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने तो खणला. खाली प्रचंड दगडी पेटी, तिच्यात अस्थिपात्रे, अस्थी आणि शेकडो रत्ने निघाली. एका पात्रावर ब्राह्मी लेख होता आणि त्यात भगवान बुद्धांच्या अस्थींचा व शाक्यांचा उल्लेख होता. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये सरकारने त्यावर हक्क सांगितला. अस्थी सयामच्या राजास देण्यात आल्या, रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला आणि काही भाग पेपे यांच्याकडे राहिला. तो घराण्यात वारशाने उतरत गेला. मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे त्याचा लिलाव जाहीर झाला, तेव्हा भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली. लिलाव तहकूब झाला आणि जुलै २०२५ मध्ये एका भारतीय उद्योगसमूहाने खरेदी केल्यामुळे ती रत्ने स्वदेशी परत आली. म्हणजे आपल्याच भूमीतून निघालेली वस्तू एकशे सत्तावीस वर्षांनी मोल देऊन परत आणावी लागली. १८९८ साली मातीविषयी जो निर्णय झाला त्याची किंमत २०२५ पर्यंत चुकवावी लागली, हे लक्षात ठेवा.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे व स्थळांचे रक्षण करण्याचे दायित्व राज्यावर टाकले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने जोडलेल्या ५१-क या अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. प्रत्यक्ष कायदे मुख्यतः दोन. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांकरिता संसदेचा १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, आणि आपल्या राज्यातील इतर स्थळांकरिता महाराष्ट्राचा १९६० चा तशाच नावाचा अधिनियम.

१९५८ च्या अधिनियमातील व्याख्या नीट ध्यानात घ्या, कारण माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. प्राचीन स्मारक म्हणजे केवळ देऊळ किंवा किल्ला नव्हे. थडग्यावरील मातीचा उंचवटा आणि दफनाची जागा यांचाही त्या व्याख्येत स्पष्ट उल्लेख आहे. आणि पुरातत्त्वीय स्थळ म्हणजे ज्या जागेत ऐतिहासिक महत्त्वाचे अवशेष आहेत, किंवा असावेत असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी जागा. दोहोंसही अट एकच : वय शंभर वर्षांहून कमी नसावे. हे कोणी बांधले, कोणत्या धर्माच्या माणसाने बांधले, कोणत्या जातीच्या हातांनी बांधले, हा प्रश्न कायदा विचारीतच नाही. कर्ता अज्ञात असणे हा संरक्षणाच्या आड येणारा दोष नाही. किंबहुना, जेथे अद्याप काही कळलेले नाही तेथेच कळण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे, असे या व्याख्येतील वाजवी कारणाच्या शब्दांमागील तत्त्व होय.

तथापि एक गोष्ट विसरू नका. व्याख्येत बसणे निराळे आणि संरक्षण मिळणे निराळे. सरकार जेव्हा राजपत्रात अधिसूचना काढते तेव्हाच त्या जागेस पूर्ण संरक्षण मिळते. प्रथम सरकार आपला हेतू जाहीर करते, त्याची प्रत त्या जागेजवळ ठळक ठिकाणी लावली जाते, आणि हितसंबंध असलेल्या कोणासही दोन महिन्यांत हरकत घेता येते. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम घोषणा होते. महाराष्ट्रातील बहुसंख्य पांढरींच्या आणि गढ्यांच्या बाबतीत हे काहीच झालेले नाही. धाब्यावर घालण्यासाठी, शेतात खत म्हणून पसरण्यासाठी, आणि अलीकडे यंत्रे लावून रस्त्याच्या भरावासाठी पांढरी माती नेली जाते. एका पिढीत टेकडी सपाट होते आणि तिच्यासोबत दोन हजार वर्षांचा दप्तरखाना नाहीसा होतो.

कर्ता अज्ञात आहे या गोष्टीचा दुरुपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण परदेशातील सांगतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची प्रचंड वर्तुळे आणि अष्टकोन आहेत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती पाहिली, तेव्हा त्यांच्यातील अनेकांनी असा सिद्धांत मांडला की, ही तेथील आदिवासींच्या पूर्वजांची कृती असणे शक्य नाही. कोणी तरी नष्ट झालेली थोर जात येथे होती आणि तिने ही बांधली. ज्यांची जमीन घ्यावयाची त्यांच्या पूर्वजांस कर्तृत्व नव्हते असे ठरविणे सोयीचे होते. १८९४ साली सायरस थॉमस या संशोधकाने पुराव्यानिशी तो सिद्धांत खोडून काढला. तरीही न्यूअर्क गावाचा अष्टकोन एका गोल्फ क्लबास भाड्याने दिलेला राहिला. अखेर २०२२ साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने मोबदला देऊन तो भाडेपट्टा संपविण्यास मान्यता दिली, आणि २०२३ साली त्या स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला. तुमच्या पूर्वजांच्या हातून काही थोर घडणे शक्यच नव्हते, हे वाक्य आपणही ऐकलेले आहे. ते खोटे पाडण्याचे साधन तेथे माती हेच ठरले. कारण माती जागेवर शाबूत होती.

येथे कोणी मला विचारील : ज्या गावकुसाबाहेर आम्हास पिढ्यान्‌पिढ्या ठेवण्यात आले, ते गावकूसही मातीचाच तट होते ना? ते ढासळत असेल तर आम्ही का हळहळावे? हा प्रश्न योग्य आहे आणि त्यास टाळता कामा नये. माझे उत्तर असे की, अन्यायाची भिंतही पुरावा असते. वेस कोठे होती, वस्ती किती दूर होती, पाणवठा कोणाच्या बाजूस होता, हे जमिनीवर दिसत आहे तोवर कोणासही ते नाकारता येणार नाही. ती माती उपसून नेली की उद्याचा लेखक खुशाल लिहील, असे काही नव्हतेच.

आणखी एक गोष्ट. जुन्या काळी दोन गावांच्या शिवेचा वाद निघाला म्हणजे महाराची साक्ष घेत असत, कारण शीव कोठून जाते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसे. गावाने ज्यास वेशीबाहेर ठेवले त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत असे. ती साक्ष देण्याची परंपरा आज निराळ्या रूपाने पुढे चालविण्यास हरकत नाही. तुमच्या आजीने सांगितलेली टेकडीची हकीकत, नांगराच्या फाळाला लागलेल्या मोठ्या विटा, विहीर खणताना निघालेली खापरे, ही माहिती तहसील कचेरीच्या दप्तरात नाही. ती तुमच्यापाशी आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे आपण कसे वागावे.

पहिली गोष्ट. टेकडी दिसली की तिला स्तूप म्हणू नका. तिच्यावर ध्वज रोवणे, चौथरा बांधणे, मूर्ती बसविणे, हे श्रद्धेने केले तरी चौथऱ्याचा पाया खणताना वरचे थर फुटतात. जागा संरक्षित असेल तर तो गुन्हाही होतो. संरक्षित स्मारकाची नासधूस, फेरफार किंवा गैरवापर करणाऱ्यास, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि आपण आधी ध्वज रोवला तर दुसरा कोणी उद्या दुसरा रोवील. मग भांडण उरेल आणि सत्य हरवेल. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, हा बुद्धांचा कालामांस केलेला उपदेश आपल्या स्वतःच्या आवडत्या गोष्टींनाही लागू आहे. डॉ. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी ग्रंथ लिहिला तेव्हा, पुरावा जेथे तुटतो तेथे आपण अनुमान करीत आहोत, हे प्रस्तावनेतच उघडपणे सांगितले. अनुमानास अनुमान म्हणण्याचे हे धैर्य आपण त्यांच्याकडून घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट. जमिनीत काही सापडले तर लपवू नका. १८७८ च्या कायद्यान्वये, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास तो काय आहे, कोठे व केव्हा सापडला, हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे सापडणाऱ्यास बंधनकारक आहे. कळविले नाही तर त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळविल्यास काय होते, हे मात्र आपल्या मजुरांस कोणी सांगत नाही. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी आधी काही निराळा करार नसला, तर त्याचे तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारने तो स्वतःकडे घेतला तर त्यातील जिनसांची किंमत आणि शिवाय त्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. रोजगारावर विहीर खणणाऱ्या भूमिहीन माणसास हा कायदा हक्क देतो. सराफाकडे चोरून जाणारा माणूस तो हक्क स्वतःच्या हाताने बुडवितो. प्राचीन मूर्ती वगैरेंचा व्यापार परवान्यावाचून करणे आणि त्या परदेशी पाठविणे हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हा आहे, हेही जाणून असा.

तिसरी गोष्ट. आपली घरे पुष्कळदा अशाच पडीक उंचवट्याच्या पायथ्याशी असतात, कारण गावाने दुसरी जागा दिलीच नाही. तेव्हा संरक्षणाची नोटीस लागली की आपल्या मनात भय उत्पन्न होते. भिऊ नका, पण झोपूही नका. नोटिशीची तारीख लिहून घ्या आणि दोन महिन्यांच्या आत आपली हरकत किंवा आपले म्हणणे लेखी द्या, पोच घ्या. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. परंतु १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. यास्तव घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, जुने उतारे जपून ठेवा. संरक्षित क्षेत्रातील शेती एक फुटाहून खोल न खणता करता येते. उत्खननामुळे किंवा कायद्यातील अधिकार वापरल्यामुळे जमिनीच्या उत्पन्नाचे नुकसान झाले तर मालकास आणि कब्जेदारासही भरपाई मागता येते. टेकडी वाचावी म्हणून गरिबाचे घर मोडावे, असे या कायद्याचे उद्दिष्ट नाही. पण जो बोलत नाही त्याचे घर कागदावर दिसत नाही.

चौथी गोष्ट. टेकडी उपसली जात असेल तर हाणामारी करू नका, अर्ज करा. सरकारी जमिनीतील माती परवानगीवाचून उपसणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये दंडास पात्र आहे. गट क्रमांक, चतुःसीमा, दिसणारे अवशेष, छायाचित्रे आणि दोन वृद्धांची सहीनिशी माहिती अशी जोडून एक अर्ज तहसीलदारास आणि एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास पाठवा. ग्रामसभेत ठराव मांडा. अर्जात, हा स्तूप आहे, असे लिहू नका. हे स्थळ शंभर वर्षांहून जुने असून त्यात अवशेष असल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, असे लिहा. कायद्यास एवढेच पुरते, आणि सत्यासही तूर्त एवढेच पुरते.

बंधु-भगिनींनो, उद्या त्या मातीतून विहार निघेल, मंदिर निघेल, कोणा लोहाराची भट्टी निघेल किंवा नुसती राख निघेल. जे निघेल ते आपण मान्य करू. ते निघेपर्यंत ती माती जागेवर ठेवणे, एवढे काम आज आपल्या हाती आहे. आपल्या गावी परत गेल्यावर गावाच्या कडेची ती टेकडी एकदा नीट पाहा, तिचा गट क्रमांक तलाठ्याकडून उतरून घ्या आणि घरातील वडीलधाऱ्यांना तिच्याविषयी विचारून त्यांचे सांगणे वहीत लिहून ठेवा.

जय भीम.